पेरलेल्या भातात आधी तण, मग नत्र

मृगाचा पाऊस वेळेवर न येणे, आलाच तर चार दिवसांत सगळा कोसळून पुढे पंधरवडाभर दडी मारणे, रोवणीच्या ऐन दिवसांत साऱ्या पंचक्रोशीत एकदमच मजुरांची मागणी निघून मजुरीचे दर चढणे, आणि चिखलणीचे भाडे हिशेबात धरल्यावर हाती फारसे काही न उरणे, अशा अनेक कारणांनी भंडारा, गोंदिया, चंद्रपूर व गडचिरोली या धानाच्या जिल्ह्यांतील शेतकरी पऱ्हे टाकून रोवणी करण्याची रीत सोडून बांधीत थेट बी पेरण्याचा विचार पुन्हा करू लागले आहेत. पुन्हा म्हणावयाचे ते अशासाठी की ही पद्धत आपल्याकडे मुळीच नवी नाही. पूर्व विदर्भात आवत्या आहे, कोकणात मोड आणलेले बी चिखलावर फेकण्याची रहू पद्धत आहे, मराठवाड्यात पाभरीने पेरलेली साळ आहे, आणि सीमेपलीकडे छत्तीसगडात फेकून पेरलेल्या उभ्या पिकात साचलेल्या पाण्यावर नांगर फिरविण्याची बियासी आहे. परंतु जे शेतकरी या वाटेने जातात त्यांच्या तक्रारी दोनच असतात. तण आवरत नाही, ही पहिली. आणि रोवणीच्या धानाला घालतो तितकाच, किंबहुना त्याहून अधिक, युरिया घालूनही पीक पिवळेच राहते, ही दुसरी. या दोन तक्रारी वेगवेगळ्या मानून एकीसाठी तणनाशकाच्या दुकानी आणि दुसरीसाठी खताच्या दुकानी जाण्याची आपली सवय आहे. माझे म्हणणे असे की या दोन्ही तक्रारींचे मूळ बव्हंशी एकच आहे, आणि तण काढण्यापूर्वी घातलेले नत्र पुष्कळ अंशी तणालाच घातलेले असते, ही गोष्ट ध्यानात ठेवून कामांचा क्रम लावला तर दोहोंचे निवारण बरेचसे एकदमच होते.

रोवणीच्या शेतात तणाचा बंदोबस्त शेतकऱ्याच्या नकळत होत असतो. चिखलणीत उगवलेले तण गाडले जाते. त्यावर लावलेले रोप तीन-चार आठवड्यांचे असल्यामुळे नव्याने उगवणाऱ्या तणापेक्षा वयाने वडील असते. आणि बांधीत साठविलेल्या पाण्याच्या थराखाली बहुतेक गवतांच्या बियांना रुजण्यापुरता प्राणवायू मिळत नाही. कोकणात व मावळात रोपवाटिकेच्या जागी पालापाचोळा, कवळे आणि शेण जाळून राब भाजण्याची जी प्रथा आहे तिच्या उपयोगांपैकी एक हाही आहे की त्या उष्णतेने वरच्या थरातील तणाचे बी मरते. या प्रथेचे रसायनशास्त्रीय परीक्षण हॅरॉल्ड मॅन आणि त्यांचे सहकारी यांनी १९१२ सालीच प्रसिद्ध केले होते. थेट पेरणीत यांपैकी एकही संरक्षण उरत नाही. भात व तण एकाच पावसाने एकाच आठवड्यात उगवतात, दोघांचे वय सारखे असते, आणि सावा, पाखड यांसारखी गवते कोवळेपणी भाताच्या रोपाशी इतकी मिळतीजुळती असतात की सराईत हातालाही संभ्रम पडावा. म्हणून ओळखीची एक खूण येथेच सांगून ठेवतो. पान जेथे खोडाला वेढून वर फुटते त्या सांध्याशी भातात जिभेसारखा पातळ, पांढरट पापुद्रा आणि दोन्ही बाजूंना केसाळ कानाच्या पाळ्या असतात; साव्याच्या जातीच्या गवतात तो सांधा अगदी कोरा असतो. निंदणीच्या पहिल्या दिवशी बांधावर बसून ही खूण सगळ्या बायांना दाखविण्यात पाव तास गेला तरी तो सत्कारणी लागला असे समजावे, कारण पेरणीनंतर १५ ते ४५ दिवसांच्या काळात जे तण शेतात राहील त्याने केलेले नुकसान पुढे कितीही निंदणी केली तरी भरून येत नाही, आणि तणाकडे सर्वस्वी दुर्लक्ष झालेल्या पेरीव शेतात निम्म्याहून अधिक उत्पन्न गमावल्याची उदाहरणे दुर्मीळ नाहीत.

आता नत्राचे पाहू. युरिया जमिनीत पडला की जमिनीतील युरिएज या विकराच्या योगाने थोड्याच दिवसांत त्याचे अमोनियात रूपांतर होते. रोवणीच्या शेतात, पाणी साचलेल्या व प्राणवायू नसलेल्या चिखलात, हा अमोनिया त्याच रूपात मातीच्या कणांना धरून बराच काळ टिकतो आणि भाताची मुळे तो सावकाश घेतात. पेरलेल्या शेताची स्थिती याहून भिन्न असते. तेथे पहिले तीन-चार आठवडे जमीन ओलसर परंतु हवेशीर असते, आणि अशा जमिनीत सूक्ष्म जीवाणू अमोनियाचे आठ-पंधरा दिवसांतच नायट्रेट बनवितात. नायट्रेट मातीला धरून राहत नाही. जोराचा पाऊस आला की ते पाण्याबरोबर खाली झिरपते. आणि पावसाने बांधी भरून चिखलातील प्राणवायू संपला की दुसऱ्या जातीचे जीवाणू त्याच नायट्रेटचे वायू करून ते हवेत सोडून देतात. पेरणीच्या वेळी टाकलेल्या युरियाचे हेच होते. तीन आठवड्यांच्या रोपाची मुळे बोटभर लांबीची, त्याची भूक अल्प, आणि त्याच्या शेजारी मात्र झपाट्याने वाढणारे, खादाड तण. त्यातून जे नत्र तणाने घेतले नाही ते आर्द्रातल्या पहिल्या मोठ्या पावसाने नेले. भाताला घातलेल्या नत्रापैकी साधारणतः ३० ते ४० टक्केच पिकाच्या अंगी लागते असे रोवणीच्या शेतांतही आढळून आलेले आहे. पेरलेल्या शेतात आरंभी भरमसाट युरिया देणाऱ्याच्या पदरी त्याहूनही कमी पडत असल्यास नवल नाही.

यावरून कामांचा क्रम आपोआप ठरतो: प्रथम तण काढावे, नंतर युरिया द्यावा, आणि त्यानंतर पाणी बांधावे. बियासीची जुनी पद्धत पाहिली तर तिच्यातही हाच क्रम आहे. पीक महिन्याचे झाले की साचलेल्या पाण्यात हलका नांगर फिरवून तण गाडावयाचे, दाट रोपे विरळ करून रिकाम्या जागी लावावयाची, आणि मगच वरखत द्यावयाचे. रसायनशास्त्राची भाषा न जाणणाऱ्या शेतकऱ्यांनी अनुभवाने बसविलेला हा क्रम, युरिया सवलतीच्या दरात मुबलक मिळू लागल्यावर, आपण बेफिकिरीने मोडला.

तणाविरुद्धची अर्धी लढाई पेरणीपूर्वीच जिंकता येते, आणि हीच गोष्ट घाईमुळे सर्वांत अधिक वगळली जाते. उन्हाळ्यात नांगरणी झाल्यावर वळवाचा किंवा रोहिणीचा पाऊस मिळाला, अथवा मामा (माजी मालगुजारी) तलावाचे किंवा विहिरीचे एक पाणी देण्याची सोय असली, तर जमीन भिजवून दहा-पंधरा दिवस तशीच सोडावी, वरच्या थरातील तण एकदा उगवू द्यावे, आणि ते दोन-तीन पानांचे असताना उथळ वखर फिरवून मारावे. वखर उथळ चालविणे येथे महत्त्वाचे आहे. खोल मशागत केली तर खालच्या थरात निपचित पडलेले बी वर येते आणि सारा उद्योग फुकट जातो. बांधी होता होईल तितकी सपाट करावी, कारण उंच राहिलेल्या भागात पाणी ठरत नाही, तेथेच तण माजते आणि तेथेच नत्रही लवकर उडून जाते. बियाणे ३ टक्के मिठाच्या पाण्यात, म्हणजे १० लिटरला ३०० ग्रॅम या प्रमाणात, बुडवून वर तरंगणारे पोचट दाणे व तणाचे हलके बी काढून टाकावे, खालचे बी दोन-तीनदा स्वच्छ पाण्याने धुवून सावलीत सुकवावे, आणि मगच बुरशीनाशकाची प्रक्रिया करावी. शेणखत पूर्ण कुजलेले असेल तरच घालावे. कच्च्या शेणखताबरोबर गुरांच्या पोटातून न मरता बाहेर पडलेले तणाचे बी आपण स्वतःच्या हाताने शेतात पेरीत असतो.

फेकून पेरण्यापेक्षा ओळीत पेरावे, असा माझा आग्रह आहे. तिफणीने किंवा पेरणी यंत्राने २० ते २२.५ सेंटिमीटर अंतरावर, २ ते ३ सेंटिमीटर खोलीवर बी पडले म्हणजे उगवण एकसारखी होते, ओळीबाहेर उगवलेले ते तण असा निर्णय लांबूनही करता येतो, हातकोळपे चालते, आणि खत ओळीच्या बाजूला देता येते. फेकीव पेरणीत या चारही सोयी एकदम हातच्या जातात, आणि मग निंदणीच्या मजुरीत रोवणीची वाचलेली मजुरी परत खर्ची पडते. ज्यांना यंत्र मिळत नाही त्यांनी टोकणीचा विचार करावा. रायगड जिल्ह्यात नेरळ येथे चंद्रशेखर भडसावळे यांनी सगुणा भात तंत्र म्हणून जी पद्धत प्रसृत केली तिच्यात कायमच्या गादीवाफ्यांवर २५ सेंटिमीटर चौरस अंतराने टोकण करतात आणि नांगरट न करता मागील पिकाची मुळे जमिनीतच राहू देतात. त्या पद्धतीतील सर्व अंगे सर्वांना जमतील असे नाही, आणि तिच्यात पूर्वी सर्रास वापरले जाणारे ग्लायफोसेट २०२२ पासून परवानाधारक कीडनियंत्रण व्यावसायिकांमार्फतच वापरण्याचे केंद्र शासनाचे बंधन आहे. तथापि जमीन वारंवार न ढवळल्याने खालचे तणबीज वर येत नाही, हे तिच्यातील तत्त्व ग्राह्य आहे.

पेरणीनंतर पहिल्या तीन दिवसांतच पहिल्या तणनाशकाची वेळ येते. कोरड्यात पेरलेल्या शेतासाठी पेंडिमेथॅलिन ३० टक्के प्रवाही हे औषध एकरी सुमारे १.३ लिटर, २०० लिटर पाण्यातून, पेरणीनंतर ओलाव्यावर आणि तण उगवण्यापूर्वी फवारावे. जमीन कोरडी असताना केलेली ही फवारणी म्हणजे पैसा मातीत घालणे होय, कारण औषधाचा पातळ थर वरच्या ओल्या मातीतच क्रियाशील राहतो. याच कारणासाठी फवारणी करणाऱ्याने मागे सरत जावे आणि फवारलेला पृष्ठभाग पायांनी तुडवू नये. नोझल गोल फवाऱ्याचे न वापरता पंख्यासारखा सपाट फवारा सोडणारे वापरावे. आणि बी उघडे पडलेले नाही याची खात्री करून घ्यावी, अन्यथा उघड्या बियाला औषधाची झळ लागून उगवण विरळ होते. मोड आणलेले बी चिखलावर फेकणाऱ्या कोकणातील शेतकऱ्यांनी मात्र हे औषध न वापरता, पेरणीनंतर ३ ते ५ दिवसांत, प्रेटिलाक्लोर हे भाताचे रक्षण करणारे सेफनर मिसळलेल्या स्वरूपातलेच घ्यावे. रोवणीच्या शेतासाठी मिळणारे साधे प्रेटिलाक्लोर कोवळ्या मोडांना मारक ठरू शकते, आणि दुकानदाराने दोन्ही एकच आहेत असे सांगितले तरी डब्यावरील मजकूर स्वतः वाचल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

एकदा फवारून भागत नाही. पावसाळा लांबलेला असतो आणि तण टप्प्याटप्प्याने उगवत राहते, म्हणून पेरणीपासून १५ ते २५ दिवसांत, तण दोन ते चार पानांवर असताना, बिस्पायरिबॅक सोडियम १० टक्के हे औषध एकरी ८० ते १०० मिलिलिटर फवारण्याची तजवीज ठेवावी. फवारणीच्या वेळी बांधीत पाणी साचलेले नसावे म्हणजे तणाच्या पानांवर औषध पडेल, परंतु जमीन ओली असावी, कारण तहानलेले तण औषध शोषून घेत नाही. आणि दोन-तीन दिवसांनी पाणी बांधावे म्हणजे मागाहून उगवणारे तण त्याखाली दबेल. तण मोठे होऊन त्याला फुटवे आल्यावर मात्रा दुप्पट करून फवारणारे पुष्कळ असतात. त्यांचे तण मरत नाही आणि भात मात्र आठवडाभर खुरटून बसते. लेप्टोक्लोआ वर्गातील काही गवतांवर बिस्पायरिबॅक चालत नाही, तेव्हा कोणते तण शेतात आहे ते कृषि साहाय्यकाला उपटून दाखवूनच औषध ठरवावे. आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. बिस्पायरिबॅक, पायराझोसल्फ्युरॉन, पेनॉक्ससुलाम, इथॉक्सीसल्फ्युरॉन ही नावे भिन्न असली तरी ही सर्व औषधे तणाच्या शरीरातील एकाच विकरावर घाव घालतात. त्यामुळे वर्षानुवर्षे यांतलेच एखादे आलटूनपालटून वापरणारा आपण औषध बदलले असे समजतो, प्रत्यक्षात मात्र त्या एका घावाला न जुमानणारे तण तो निवडून वाढवीत असतो. पहिली फवारणी पेंडिमेथॅलिनसारख्या निराळ्या वर्गातील औषधाची करणे आणि शेवटचे तण हाताने काढणे, यांचे महत्त्व याच कारणाने आहे.

हाताने निंदण्याला तणनाशक हा पर्याय नव्हे. निंदणीचा भार हलका करणे एवढेच त्याचे काम. दोन्ही फवारण्या नीट साधल्या तर ३० ते ३५ दिवसांच्या सुमारास एक निंदणी पुरते, आणि ओळीतील पेरणी असली तर कोळप्यानंतर उरलेले ओळींतले तण तेवढे काढावे लागते. ही निंदणी मजुरी वाचविण्यासाठी कोणी टाळू नये. तणनाशकातून निसटलेल्या साव्याच्या एका ठोंबाला हजारो दाणे येतात, आणि ते बी पुढच्या कित्येक हंगामांचा खर्च वाढवून ठेवते.

आता खताचा प्रत्यक्ष हिशेब. सुधारित जातींसाठी कोकण व विदर्भात हेक्टरी १०० किलो नत्र, ५० किलो स्फुरद व ५० किलो पालाश ही शिफारस सर्वपरिचित आहे. एकरी ते ४०, २० व २० किलो होते. माती परीक्षण केलेले असल्यास त्याप्रमाणे फेरफार करावा. स्फुरद डायअमोनियम फॉस्फेटमधून द्यावयाचे ठरविले तर एकरी सुमारे ४३ किलो खत लागते आणि त्यातच जवळजवळ ८ किलो नत्र आपोआप येते. पेरणीच्या वेळी नत्राची गरज एवढ्याने भागते. त्या दिवशी युरियाचा एक दाणाही टाकण्याचे कारण नाही. उरलेले ३२ किलो नत्र म्हणजे सुमारे ७० किलो युरिया, म्हणजे ४५ किलोचे दीड पोते, आणि हे तीन वेळा विभागून द्यावयाचे: पहिले २५ किलो पेरणीनंतर २० ते २५ दिवसांनी, दुसरी फवारणी होऊन तण पिवळे पडल्यावर, दुसरे २५ किलो ४० ते ४५ दिवसांनी, निंदणी संपताच, आणि शेवटचे २० किलो लोंबीचा गर्भ धरताना. पंजाबच्या कृषि विद्यापीठाची पेरीव भातासाठी शिफारस याच दिशेची आहे. तेथे पेरणीला युरिया मुळीच न देता तीन समान हप्ते चौथ्या, सहाव्या व नवव्या आठवड्यांत देतात. आपल्याकडील हलक्या, निचऱ्याच्या जमिनीत चार हप्ते केले तरी हरकत नाही. मजुरी थोडी वाढेल, परंतु मुरमाड बांधीत एकदम टाकलेला युरिया मुळांच्या खाली निघून जातो.

हप्ता ठरलेल्या तारखेलाच द्यावयाचा असा हट्ट धरू नये. निंदणी चार दिवस लांबली तर युरियाही चार दिवस लांबवावा. काळे ढग दाटून आले असतील तर हात आखडावा आणि मोठी सर जाऊन पाणी उतरल्यावर द्यावा. बांधीत पाणी असेल तर ते शक्य तितके काढून, चिखल उघडा झाल्यावर युरिया टाकावा आणि दोन दिवसांनी पाणी घ्यावे. बांधाची मोरी तोपर्यंत बंद असावी. कोकणात एका खाचरातून दुसऱ्या खाचरात पाणी सतत वाहते असते, तेथे हे विशेष लक्षात ठेवावे लागते, अन्यथा वरच्या शेतकऱ्याचा युरिया खालच्याच्या खाचरात जातो. पाने दवाने किंवा पावसाने ओली असताना फेकलेला युरिया पानांना चिकटून टोके करपवितो. शिवाय दिवसा, साचलेल्या पाण्यातील शेवाळामुळे त्या पाण्याचा अल्कधर्मीपणा वाढून अमोनिया वायुरूपाने अधिक उडतो. या दोन्ही कारणांनी दुपार टळून पाने कोरडी झाल्यावर, सायंकाळी, खत देणे श्रेयस्कर. देशात तयार होणाऱ्या सर्व युरियाला २०१५ पासून निंबोळी तेलाचे लेपन सक्तीचे झाले असून त्याने नायट्रेट बनण्याची क्रिया मंदावते, परंतु ती थांबत नाही. लेपन आहे म्हणून सगळे पोते एकदम रिकामे करण्याची मुभा त्यातून मिळत नाही. आणि ४ टक्के नत्राच्या नॅनो युरियाच्या अर्ध्या लिटरच्या बाटलीत २० ग्रॅम नत्र असते, तर ४५ किलोच्या पोत्यात २० किलो ७०० ग्रॅम; पोत्याऐवजी बाटली घेण्याचा बेत करणाऱ्याने ही दोन वजने शेजारी शेजारी मांडून पाहावीत.

खत जमिनीत खोल देण्याचा मार्ग सर्वांत चांगला. डॉ. नारायण सावंत यांच्या चारसूत्री पद्धतीत युरिया व डीएपीच्या गोळ्या चार चुडांच्या मधोमध चिखलात खोल दाबतात, आणि तेथे प्राणवायू नसल्यामुळे नत्र टिकते. शिवाय पृष्ठभागावर उगवणाऱ्या तणाच्या हाती ते लागत नाही, हा त्याचा दुसरा, पुष्कळदा न सांगितला जाणारा लाभ. ही पद्धत नियंत्रित रोवणीसाठी आखलेली आहे. टोकण केलेल्या, चौकोनी अंतराच्या भातात, जमीन चिखलासारखी झाल्यावर ती लागू करता येते. कोरड्या, हवेशीर जमिनीत मात्र गोळीतील नत्राचेही नायट्रेट होतेच, म्हणून आवत्याच्या पहिल्या महिन्यात तिचा मोह धरू नये.

शेवटच्या हप्त्याची वेळ पुष्कळांची चुकते. लोंबी बाहेर डोकावू लागली म्हणजे खत देण्याची चाल आहे. तोवर फार उशीर झालेला असतो. लोंबीचा गर्भ धरल्यापासून फुलोऱ्याला सुमारे ३५ दिवस आणि तेथून दाणा पिकायला सुमारे ३० दिवस लागतात, म्हणून जातीच्या एकूण दिवसांतून ६५ वजा करावेत: १२० दिवसांच्या जातीला ५५ व्या दिवसाच्या आसपास, १३५ दिवसांच्या जातीला ७० व्या दिवसाच्या आसपास. पेरलेल्या भाताला रोप उपटल्याचा धक्का बसत नसल्यामुळे ते रोवणीच्या भातापेक्षा आठवडाभर आधी पिकते, तेही या गणितात धरावे. खात्री करून घ्यावयाची असेल तर मुख्य खोड मुळाशी कापून धारदार पात्याने उभे चिरावे. आत एक-दोन मिलिमीटरचा, पांढरा, पिसासारखा कोंब दिसला की युरिया देण्याचा तो दिवस.

पीक पिवळे दिसले की युरिया, ही सवय सोडण्यासाठी दोन गोष्टी शिकून घ्याव्यात. एक, पर्णरंग तक्ता. हिरव्या छटांच्या या स्वस्त पट्टीशी दहा ठिकाणची, वरून पहिली पूर्ण उघडलेली पाने सकाळी, स्वतःच्या सावलीत धरून ताडून पाहावीत. पेरलेल्या भातात दहांपैकी सहा पाने तिसऱ्या छटेपेक्षा फिकट निघाली तरच हप्ता द्यावा, अन्यथा आठ-दहा दिवस थांबावे. दुसरी गोष्ट, पिवळेपणा कोठून सुरू झाला ते पाहावे. नत्र कमी असेल तर खालची जुनी पाने प्रथम पिवळी पडतात, कारण रोप तेथले नत्र काढून वरच्या पानांना पुरविते. याउलट सर्वांत वरचे, नवे पान पिवळे किंवा पांढरट, आणि शिरांमधला भाग अधिक फिकट दिसत असेल तर ती लोहाची कमतरता होय. हवेशीर जमिनीत लोह पिकाला घेता येईल अशा रूपात राहत नाही, आणि कोरड्या आवत्यात हे लक्षण वारंवार दिसते. त्यावर युरिया ओतून काहीही साधत नाही, ०.५ टक्के फेरस सल्फेटची, म्हणजे १० लिटरला ५० ग्रॅमची, आठवड्याच्या अंतराने दोन-तीनदा फवारणी करावी आणि शक्य असल्यास जमीन भिजवावी. या एका निदानाने युरियाचे कितीतरी हप्ते वाचतील. नत्र जास्त झाल्याचे दुष्परिणाम सर्वांच्या परिचयाचे आहेतच: करपा, कडाकरपा, तुडतुडे, आणि पेरलेल्या भाताची मुळे उथळ असल्यामुळे पीक लोळण्याचा अधिकचा धोका.

तण आणि नत्र या दोन्हींवर एकच उपाय हवा असेल तर तो धैंच्याचा आहे. भाताबरोबरच एकरी ८ ते १० किलो धैंचा पेरावा. तो झपाट्याने वाढून जमिनीवर सावली धरतो आणि तणाला उजेड मिळू देत नाही. २५ ते ३० दिवसांनी २,४-डी या औषधाच्या ८० टक्के सोडियम क्षाराची एकरी सुमारे २५० ग्रॅम मात्रा फवारली की रुंद पानांचा धैंचा सुकून तेथेच आच्छादन होतो, गवतवर्गातील भाताला इजा होत नाही, आणि कुजल्यावर धैंच्याने हवेतून घेतलेले नत्र जमिनीला मिळते. मात्र या औषधाबाबत कळकळीची सूचना अशी की बांधावर तूर असेल, शेजारी कापूस किंवा भाजीपाला असेल, तर वाऱ्याच्या दिवशी हे हातात घेऊ नये. त्याचा उडून गेलेला तुषारही तुरीचे शेंडे वेडेवाकडे करतो, आणि धानाच्या मुलखात बांधावरची तूर ही घरच्या वर्षभराच्या डाळीची बेगमी असते. वापरलेला पंप साबणाच्या पाण्याने दोन-तीनदा धुतल्याशिवाय दुसऱ्या पिकावर वापरू नये.

सलग तीन-चार वर्षे आवत्या घेतलेल्या बांधीत जंगली भात शिरते, ज्याला छत्तीसगडात करगा म्हणतात. ते भातच असल्यामुळे भाताला सुरक्षित असलेले कोणतेही निवडक तणनाशक त्याला मारीत नाही, आणि त्याचे दाणे कापणीपूर्वीच झडून जमिनीत साठतात. रायपूरच्या कृषि विद्यापीठाने जांभळ्या पानांची श्यामला ही जात याच कारणासाठी उपयोगात आणली, कारण तिच्या शेतात हिरवे रोप दिसले की ते उपटावे एवढे सोपे होते. आपल्याकडे तूर्त सर्वांत भरवशाचा इलाज म्हणजे अशा बांधीत एक-दोन वर्षे पुन्हा चिखलणी करून रोवणी घेणे.

म्हणून या हंगामात सगळ्या बांध्या एकदम आवत्याखाली आणू नयेत. पाणी धरणारी, सपाट आणि मागील वर्षी तण कमी असलेली एक बांधी निवडावी. तिच्यात ओळीने पेरावे. निंदणी, फवारणी आणि युरियाच्या तारखा एका वहीत लिहून ठेवाव्यात. आणि कापणीनंतर त्या बांधीचा खर्च व धानाचे पोते शेजारच्या रोवणीच्या बांधीशी ताडून पाहिल्यावरच पुढच्या वर्षीचा निर्णय करावा.